एका पत्त्यावर दोन बिऱ्हाडं: मामांच्या एक्सटीच्या नोंदी

१६ जून २०२४, रविवार, फोंडा

मामांचा संगणक काल म्हापशाहून घरी आणला. पाऊस धो-धो पडत होता, म्हणून दोन ताडपत्र्यांत गुंडाळला. मामांनी तो १९८९ साली टायपिंग क्लासच्या पैशांतून घेतला होता. आयबीएमच्या पीसी-एक्सटी या संगणकाच्या धर्तीवर जुळवलेला, ८०८८ प्रोसेसर, टर्बोचं बटण दाबलं की १० मेगाहर्ट्झ, ६४० केबी मेमरी, २० एमबीची एसटी-२२५ हार्ड डिस्क आणि आठ स्लॉट, म्हणजे कार्डं खोचायच्या खाचा. क्लास बंद झाल्यापासून तो माळ्यावरच होता.

मला तीन गोष्टी करायच्या आहेत. डिस्कवरच्या फायली वाचवून कॉम्पॅक्टफ्लॅशवर, म्हणजे छोट्या मेमरी कार्डावर घ्यायच्या. नेटवर्क कार्ड बसवून त्या माझ्या लॅपटॉपवर आणायच्या. आणि जिस्ट कार्डासाठी एक स्लॉट मोकळा ठेवायचा. ही तिसरी गोष्ट मामांची. गावच्या उत्सवी नाटकांच्या नकला ते उतरवून द्यायचे, एकेका पात्राची वेगळी. त्या देवनागरीत टाइप करता याव्यात म्हणून त्यांना तेव्हा जिस्ट कार्ड हवं होतं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेलं हे तंत्र डॉसच्या साध्या अक्षरी पडद्यावर देवनागरी उमटवायचं. वर्डस्टार, डीबेस हे तेव्हाचे लेखनाचे आणि नोंदींचे प्रोग्राम आहेत तसेच चालायचे, अक्षरं मात्र आपली दिसायची. ते कार्ड मामांना परवडलं नाही. त्यांनी नकला रोमन लिपीत मराठी लिहून वर्डस्टारमध्ये ठेवल्या. त्या अजून डिस्कवर असतील अशी आशा आहे.

आज वीज अजिबात दिली नाही. झाकण उघडलं, आत पालीची तीन फुटकी अंडी मिळाली. कार्ड काढण्याआधी प्रत्येक स्लॉटचा, प्रत्येक जंपरचा (कार्डाची मांडणी ठरवणारी पिनांवरची इवलीशी टोपी) आणि रिबन केबलच्या लाल कडेचा फोटो घेतला. एकदा जंपर हलला की तो आधी कुठे होता हे कुणी सांगू शकत नाही. या कार्डांची माहितीपत्रकं घरात नाहीत.

१८ जून

मल्टी-आयओ कार्डावरच्या (फ्लॉपी, प्रिंटर, सिरीयल असं सगळं एकत्र असलेलं कार्ड) घड्याळाची ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी फुटून गळली होती. कापून टाकली. हा गळ अल्कलीचा असतो, म्हणून आईकडून व्हिनेगर घेतलं, कापसाच्या बोळ्याने पुसलं, मग डिस्टिल्ड पाण्याने धुऊन दिवसभर पंख्याखाली ठेवलं. दोन ट्रॅक खाल्ले गेले होते, बारीक तारेने जोडले. सगळ्या कार्डांच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ केल्या. पॉवर सप्लाय वेगळा काढून बल्बच्या भारावर तपासला. ५ आणि १२ व्होल्ट ठीक आहेत.

२३ जून, रविवार

आजचा दिवस कागदावर गेला, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

अ‍ॅपल टू या संगणकात स्लॉटला स्वतःचा पत्ता असतो. स्लॉट ६ मध्ये काहीही लावा, ते स्लॉट ६ च्या पत्त्यावर राहतं. कार्ड हलवलं की पत्ता बदलतो. पीसीच्या बसवर तसं नाही. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीचे पाच स्लॉट असोत की १९८३ च्या एक्सटीचे आठ (आयबीएमच्या मूळ एक्सटीचा आठवा थोडा वेगळा होता, तो सोडला तर), सगळ्यांना त्याच ६२ तारा समांतर जातात. कार्ड कुठल्या स्लॉटात आहे हे प्रोसेसरला कळतच नाही. पत्ता कार्डावर, जंपरमध्ये असतो. दोन कार्डांचे जंपर सारखे असतील तर त्यांना आठही स्लॉटांतून फिरवा, भांडण तसंच राहणार.

जागाही थोडीच. पोर्ट म्हणजे प्रोसेसर ज्या क्रमांकावरून कार्डाशी बोलतो तो. त्या काळची कार्डं पोर्टच्या पत्त्याचे फक्त १० बिट बघतात, म्हणजे १०२४ पत्ते. त्यातले हेक्स (सोळांवर आधारलेली मोजणी, ९ नंतर ए ते एफ) २०० च्या खालचे मदरबोर्डचे. कार्डांच्या वाट्याला २०० ते ३एफएफ, एकूण ५१२. त्यातच सगळ्यांनी दाटीवाटीने राहायचं. (इथून पुढे सगळे पत्ते हेक्समध्ये.)

आपल्या पेटीतली बिऱ्हाडं अशी. गेम पोर्ट २०१. दुसरा सिरीयल पोर्ट २एफ८, पहिला ३एफ८. फ्लॉपी ३एफ० पासून. मल्टी-आयओवरचा प्रिंटर ३७८. हार्ड डिस्कचं कार्ड ३२० पासून. पडदा हर्क्युलिस धर्तीच्या कार्डावर, ते ३बी० ते ३बीएफमध्ये, आणि त्याच कार्डावर आणखी एक प्रिंटर पोर्ट ३बीसी वर. हा मी आधी पाहिलाच नव्हता.

इंटरप्टच्या, म्हणजे कार्डाने प्रोसेसरला हाक मारायच्या ओळी एक्सटीत आठच, शून्य ते सात. शून्य घड्याळाची, १ कीबोर्डची, ३ आणि ४ सिरीयलच्या, ५ हार्ड डिस्कची, ६ फ्लॉपीची, ७ प्रिंटरची. २ मोकळी. या बसवर ओळ वाटून घेता येत नाही. एका कार्डाने ती धरून ठेवली की दुसऱ्याची हाक पोचत नाही. डीएमएचे (प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरीशी देवाणघेवाण करायचे) चार मार्ग: शून्य मेमरी ताजी ठेवायला, २ फ्लॉपीला, ३ हार्ड डिस्कला, १ मोकळा.

आणि रॉमची, म्हणजे कार्डावरच्या कायमच्या प्रोग्रामची जागा. वीज आल्यावर बायॉस (यंत्र सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) सी८००० पासून दर २ केबीवर डोकावून ५५ एए ही खूण शोधतो, मग त्या रॉमच्या सगळ्या बाइटांची बेरीज शून्य येते का बघतो, आणि आली तर तिथला प्रोग्राम चालवतो. हार्ड डिस्कच्या कार्डाचा रॉम नेमका सी८००० वर.

हे सगळं एका मोठ्या कागदावर, मामांच्या जुन्या हिशेबवहीच्या पानावर, दोन रंगांत लिहिलं.

२९ जून

हर्क्युलिस कार्ड एकटं. मेमरीचा आकडा हिरव्या पडद्यावर ६४० पर्यंत चढला. मग मल्टी-आयओ, फ्लॉपीवरून डॉस. मग हार्ड डिस्क. ती सुरू होताना जो आवाज करते तो ऐकून आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. पण चालली. सी: आला. ६१५ सिलिंडर, ४ हेड, १७ सेक्टर, सेक्टरला ५१२ बाइट, म्हणजे जवळपास २ कोटी १४ लाख बाइट. त्यात NAKAL नावाची डिरेक्टरी आहे म्हणून मामांना फोन केला. 

मामा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अगं, बंद कर आधी. पुन्हा चालू होईल की नाही कोण जाणे."

नुसती बंद करून ठेवली नाही. कॉम्पॅक्टफ्लॅश जोडायचं कार्ड तयारच होतं, वीज काढून लगेच लावलं, आणि इथे पहिलं भांडण. मेमरी मोजून झाली आणि यंत्र जागच्या जागी थांबलं. ना सी:, ना फ्लॉपी.

५ जुलै, शुक्रवार

म्हापशाच्या बाजाराला गेले होते, मामांकडे डोकावून आले. त्यांना कागद दाखवला. ते यंत्र चालवायचे, उघडायचे नाहीत, तरी बोट नेमकं सी८००० वर ठेवलं: "इथे दोघं कसे राहणार?"

बरोबर. माझं कार्ड एक्सटी-आयडीई नावाच्या, हौशी लोकांनी मिळून केलेल्या खुल्या आराखड्यावर बनलेलं. माझ्याकडच्या कार्डावर रॉमची जागा सी८००० लावलेली होती. दोन रॉम एकाच पत्त्यावरून एकदम बोलतात तेव्हा तारांवर दोघांचे बाइट एकमेकांत मिसळतात. जुन्या कार्डाकडे काय बिघडलं म्हणून बघत बसले असते तर महिना गेला असता.

संध्याकाळी डिप स्विच बदलून रॉम डी०००० वर नेला. आता बायॉसला आधी सी८००० वरचं जुनं कार्ड भेटतं, मग डी०००० वरचं नवं. जुनी डिस्क सी:, कॉम्पॅक्टफ्लॅश डी:. पोर्टचे पत्ते आधीच वेगळे होते, नव्याचे ३०० ते ३०एफ, जुन्याचे ३२० पासून. शिवाय या नव्या कार्डाचा रॉम इंटरप्ट न वापरताच डिस्क वाचतो, म्हणून तो ५ नंबरच्या ओळीला हातही लावत नाही. दोन्ही शेजारी नांदले.

डीबग या डॉसच्या, मेमरीतले बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये खात्री केली (तिथे सी८००० हा पत्ता सी८००:० असा लिहितात). "डी सी८००:०" लिहिलं की ओळीच्या सुरुवातीला ५५ एए. "डी डी०००:०" लिहिलं की तिथेही ५५ एए. दोन घरं, दोन पाट्या.

सगळं उतरवायला चाळीस मिनिटं लागली. एकही सेक्टर चुकला नाही.

१३ जुलै

आज फार वाईट गेलं.

जुनी डिस्क आणि तिचं कार्ड काढून कपाटात ठेवलं होतं. तिच्या जागी नेटवर्क कार्ड लावलं. एनई२००० या जुन्या नेटवर्क कार्डाशी जुळणारं, ८-बिट स्लॉटातही चालणारं. फ्लॉपीवरून पॅकेट ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा छोटा प्रोग्राम चालवला. यंत्र गोठलं. पुन्हा सुरू केलं तर कॉम्पॅक्टफ्लॅशवरच्या डिरेक्टरीत फायलींच्या नावांच्या जागी हसरे चेहरे, रेघा आणि अर्धवट अक्षरं.

कागद समोर असताना मी चुकले. नेटवर्क कार्डाचा कारखान्याहून आलेला पत्ता ३००. एक्सटी-आयडीईचाही ३००. पहिल्या भांडणात रॉमची जागा बदलली आणि मनात बसलं की हे कार्ड आता निर्धोक आहे. ते दोन जागा व्यापतं, रॉमची एक आणि पोर्टची एक, आणि मी एकच तपासली. नेटवर्क ड्रायव्हर सुरू होताना ३०७ वर आपल्या इंटरप्टची खूण पुसायला लिहितो. तोच ३०७ डिस्कच्या दृष्टीने हुकूम घ्यायचा पत्ता. वाचतानाही दोघं एकदम उत्तर देतात. डॉसने बिघडलेली यादी वाचली आणि तशीच परत लिहिली.

मूळ डिस्क कपाटात आहे. ती अजून एकदा चालेल का, या विचाराने रात्री झोप लागली नाही.

१४ जुलै, रविवार

चालली. दुसऱ्या प्रयत्नात फिरली. पुन्हा सगळं उतरवलं, या वेळी दोन कॉम्पॅक्टफ्लॅशवर, आणि एक काढून लॅपटॉपवर प्रतिमा घेतली. ते होईपर्यंत नेटवर्क कार्डाला हात लावला नाही. हे आधीच करायला हवं होतं.

मग नेटवर्क कार्डाला घर शोधलं. त्याच्यावर चार पर्याय आहेत: ३००, ३२०, ३४०, ३६०. आणि ते थोडं नाही, ३२ पत्ते घेतं.
३०० वर एक्सटी-आयडीई. ३२० वर हार्ड डिस्कचं कार्ड, जे मी अजून पुन्हा लावणार आहे. ३६० वरवर मोकळा दिसतो, पण ३६० पासून ३२ पत्ते म्हणजे ३७एफ पर्यंत, आणि त्यात ३७८ चा प्रिंटर येतो. सुरुवातीचा पत्ता बघून लोक इथे फसतात. बिऱ्हाड किती खोल्यांचं आहे हे बघायला हवं. उरला ३४०, तो ३५एफ पर्यंत, आणि तिथे कुणी नाही.

इंटरप्ट ३ वर होता, म्हणजे दुसऱ्या सिरीयल पोर्टचा. तो २ वर न्यायचा, पण जंपरवर २ नाहीच, ९ आहे. हे एक्सटीनंतरच्या आयबीएमच्या एटी संगणकामुळे. १९८४ मध्ये एटी आला तेव्हा ओळ २ दुसऱ्या इंटरप्ट चिपला जोडायला वापरली गेली आणि स्लॉटातल्या त्याच पिनेला ९ म्हणू लागले. एक्सटीत लावलं तर ९ चा जंपर म्हणजे २.

कार्ड स्लॉट ५ मध्ये. ड्रायव्हरने कार्डाचा क्रमांक वाचून दाखवला. पण पिंगला, म्हणजे नेटवर्कवर मारलेल्या हाकेला उत्तर नाही.

२० जुलै

अजून उत्तर नाही. लॅपटॉपवर बघितलं तर आमचं यंत्र पाठवतंय, राउटर उत्तर देतोय, आणि यंत्राला ते ऐकू येत नाही. पाठवायला इंटरप्ट लागत नाही, आलेलं पाकीट कळायला लागतो. म्हणजे ओळ २ वर कुणीतरी बसलंय. मल्टी-आयओवरच्या घड्याळाच्या जंपरवर संशय आहे.

२७ जुलै

घड्याळाचा जंपर काढला, फरक नाही. मल्टी-आयओ पूर्ण काढून दुसऱ्या साध्या फ्लॉपी कार्डावर चालवलं, फरक नाही. तिन्ही संध्याकाळ वीज येत-जात होती.

३ ऑगस्ट

केबल ओढली जात होती म्हणून नेटवर्क कार्ड स्लॉट ५ मधून काढून ७ मध्ये घातलं, दुसरं काहीच बदललं नाही. पिंगला उत्तर आलं. सलग शंभर पाकिटं, एकही हरवलं नाही.

काही वेळ आनंद झाला, मग २३ जूनचं पान उघडलं. मीच लिहिलंय की आठही स्लॉटांना त्याच तारा जातात. पत्त्याचं किंवा इंटरप्टचं भांडण असतं तर स्लॉट ७ मध्येही तेच झालं असतं. जागा बदलल्याने यंत्र सुधारलं, तर भांडण नव्हतंच. स्लॉट ५ आजारी आहे.

कार्ड परत ५ मध्ये घालून मल्टिमीटरची एक टोच कार्डाच्या बी४ पट्टीवर (ती ओळ २ ची) आणि दुसरी शेजारच्या स्लॉटच्या बी४ च्या डागावर ठेवली. आवाज नाही, म्हणजे जोड नाही. बाकी पट्ट्यांवर आवाज येतो. टॉर्च लावून आत पाहिलं तर बी४ ची स्प्रिंग हिरवट-काळी पडून मागे दबली होती.

याचं कारणही दिसलं. स्लॉट ५ मध्ये आजवर कधी कार्डच नव्हतं, आणि मागची पत्र्याची पट्टी कुणीतरी काढून टाकलेली. म्हापशाचं घर खाडीच्या वाऱ्याला. वर्षानुवर्षं खारी ओली हवा आणि पाली याच फटीतून आत आल्या. वापरातल्या स्लॉटांना निदान कार्डाचं झाकण तरी होतं.

पातळ फायबरच्या तुकड्याला कापड गुंडाळून, अल्कोहोल लावून, वीस-पंचवीस वेळा आत-बाहेर केलं. शिवणाच्या सुईने स्प्रिंग हलकेच पुढे ओढली. आता आवाज येतो. सवयीसाठी एक ठरवून टाकलं: संशय आला की आधी कार्डं न बदलता फक्त स्लॉट बदलायचा. वागणं तेच राहिलं तर जंपर बघायचे, बदललं तर धातू बघायचा. हे २० जुलैला केलं असतं तर दोन आठवडे वाचले असते.

११ ऑगस्ट

फायली नेटवर्कवरून लॅपटॉपवर. एमटीसीपी या डॉसच्या नेटवर्क संचातला फायली पाठवायचा एफटीपी प्रोग्राम या यंत्रावर सुरेख चालतो. आता जुनी हार्ड डिस्क काढून पुसून, सिलिका जेलच्या पुड्या घालून डब्यात बंद केली. तिच्याबरोबर इंटरप्ट ५, डीएमए ३, पोर्ट ३२० आणि रॉमची सी८००० ची जागा, इतकं सगळं एकदम मोकळं झालं. कागदावर हिरव्या रंगाने खूण केली.

१८ ऑगस्ट, रविवार

मामा आले. स्वतःचा नऊ पिनांचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर रिक्षातून घेऊन आले, रिबनही नवी मिळवून. मल्टी-आयओच्या पोर्टला लावला, वर्डस्टारमधून छापायला सांगितलं, आणि प्रिंटर हलला नाही.

मामा म्हणाले, "आमच्याकडे तर असाच लावायचो." मग आठवून म्हणाले, "नाही, बाय. तो पडद्याच्या वायरच्या शेजारी लावायचो."

डीबगमध्ये "डी ४०:८". उत्तर: बीसी ०३ ७८ ०३. बाइट उलटे वाचायचे, म्हणजे ३बीसी आणि ३७८. बायॉस प्रिंटर शोधताना आधी ३बीसी बघतो, मग ३७८, मग २७८, आणि ज्या क्रमाने सापडतील तसे एलपीटी१, एलपीटी२ म्हणतो. हर्क्युलिस कार्डावरचा पोर्ट ३बीसी वर, म्हणून तोच पहिला. मल्टी-आयओचा प्रिंटर दुसरा ठरला आणि वर्डस्टार पहिल्याला पाठवत राहिला. केबल पडद्याच्या शेजारी लावली. मल्टी-आयओचा ३७८ जंपर काढून बंदच केला, पुढच्या कुणाला पुन्हा हा गोंधळ नको.

प्रिंटरने पहिलं पान खरखरत काढलं. रोमन अक्षरांत मराठी, आणि संवाद जिथे संपतो तिथे समोरच्या पात्राच्या शेवटच्या दोन शब्दांची ओळ, नकलेत देतात तशी. मामांनी चष्मा पुसला आणि उभ्यानेच मोठ्याने वाचायला सुरुवात केली. आई दारात येऊन उभी राहिली. समोरच्या पात्राची वाक्यं नकलेत नसतात, ती मामांना पाठ होती.

१ सप्टेंबर, रविवार

चवथ शनिवारी. टेबल आईला माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या) सामानासाठी हवं आहे, त्यामुळे आज पेटी बंद करून खोलीत न्यायची.

शेवटची मांडणी: स्लॉट १ हर्क्युलिस, २ मल्टी-आयओ, ३ एक्सटी-आयडीई (पोर्ट ३००, रॉम डी००००), ७ नेटवर्क (३४०, इंटरप्ट २). बाकीच्या चारही स्लॉटांना मागून पट्ट्या लावल्या. एक पट्टी जुन्या भंगार पेटीची कापून बसवली.

मामा परवा फोनवर विचारत होते की जिस्ट कार्ड कुठे बसणार. पुण्याच्या एका ओळखीच्या गृहस्थांकडे एक जुनं आहे, दिवाळीला आणतील. स्लॉट ५ त्याच्यासाठी ठेवला. त्याची स्प्रिंग आज पुन्हा मोजली, आवाज स्वच्छ. कार्ड हातात आलं की आधी त्याचे जंपर कागदावर उतरवायचे, मगच ते पेटीजवळ न्यायचं.

पत्त्यांच्या कागदाची प्रत प्लास्टिकच्या पाकिटात घालून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवली. इंटरप्ट ५ आणि रॉमची सी८००० ची जागा समोर पेन्सिलीने लिहिलंय: रिकामं.